नर्मदामाईच्या पात्रातील नौकावाहतूक : काल आणि आज

अमरकंटकच्या कुंडातून करंगळीएवढ्या धारेने निघणारी नर्मदामाई १३१२ किलोमीटरचा प्रवास करून खंबातच्या आखातात सागराला मिळते. या प्रवासापैकी सुमारे १०७७ किलोमीटर मध्य प्रदेशात आणि १६१ किलोमीटर गुजरातेत आहेत. मध्ये ३५ किलोमीटर मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्या, तर ३९ किलोमीटर महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवरून ती वाहते. मूर्तीत आणि चित्रांत मैया मगरीवर आरूढ असते. देवीचे वाहन मगर. तिच्या लेकरांचे वाहन मात्र नाव. तीरावर येणारा बहुतेक प्रत्येक यात्रेकरू कुठे ना कुठे नावेत पाऊल टाकतोच : ओंकारेश्वरी मांधाता बेटाची फेरी करताना, महेश्वरच्या घाटावरून प्रवाहाच्या मध्यभागी असलेल्या बाणेश्वराच्या दर्शनाला जाताना, भडोचजवळ कबीरवडाच्या बेटावर उतरताना, किंवा परिक्रमेत रेवा-सागर संगमापाशी. ही नाव कोणत्या पाण्यावर चालते, तिने पूर्वी काय वाहिले आणि आज तिच्यापुढे काय वाढून ठेवले आहे, हे जाणून घेतल्यास दर्शनाचा आनंद वाढतो आणि प्रवासही सुखरूप होतो.

अखंड जलमार्ग नव्हे, टप्प्यांची वाट

गंगेच्या पात्रातून शेकडो कोस मालाच्या नावा ये-जा करीत. नर्मदेचे तसे नाही. विंध्य आणि सातपुडा या दोन पर्वतांच्या मधल्या खचलेल्या दरीतून ती पश्चिमेकडे धावते. तिचे पात्र खडकाळ असून त्यात ठिकठिकाणी धबधबे आणि खळाळ आहेत. उगमाजवळ कपिलधारा, मंडला येथे आणि पुन्हा महेश्वरजवळ सहस्रधारा, जबलपूरजवळ भेडाघाटचा धुवांधार. शिवाय बडवानीच्या खालच्या अंगास हिरणफाळ, जेथे हरिणाने उडी मारून पैलतीर गाठावा इतके पात्र खडकांत आवळले गेले आहे, असे लोक सांगतात. अशा ठिकाणी नाव पुढे जाऊच शकत नाही.

म्हणून नर्मदेवरील नौकावाहतूक टप्प्याटप्प्यांची राहिली. दोन खडकाळ भागांमध्ये जेथे संथ आणि खोल पाण्याचा डोह असेल, तेवढ्यापुरती तेथील नावाड्याची सत्ता. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नाव नेणारा नावाडी तेथील प्रत्येक खडकाला नाव देतो आणि यमक जुळवीत त्याचे वर्णन ऐकवितो. पण धुवांधारच्या वर त्याची नाव कधी जात नाही. पावसाळ्यात पाणी चढले की तेथील नौकाविहार बंद ठेवला जातो. मैया कुठे वाट देते आणि कुठे देत नाही, हे ओळखणे म्हणजेच या नदीवरील नौकाशास्त्र होय.

भडोच : भरतीच्या पाण्यावरचे बंदर

लांब पल्ल्याची खरी वाहतूक होती ती नदीच्या मुखाकडे. प्राचीन भृगुकच्छ, म्हणजे आजचे भडोच, हे मुखापासून आत नदीकाठी वसलेले बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील नाविक-पुस्तिकेत त्याचा उल्लेख ‘बारिगाझा’ या नावाने येतो. त्या पुस्तिकेचा अनामिक कर्ता येथील भरतीचे मोठे विस्मयकारक वर्णन करतो. खंबातच्या आखातात भरती व ओहोटी यांच्या पातळीत दहा मीटरांहून अधिक अंतर पडते. जगातील मोठ्या भरत्यांमध्ये तिची गणना होते. ओहोटीत गाळात बसलेले जहाज भरतीच्या लोंढ्याने उलटून जाई. त्यामुळे राजाच्या सेवेतील वाटाडे कोळी लांबलचक नावा घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जात, परदेशी जहाजांना दोर बांधून ती ओढीत आणीत आणि ठरलेल्या डोहांत नांगरून ठेवीत. भरतीबरोबर पुढे सरकायचे, ओहोटी लागली की डोहात थांबायचे, हा त्यांचा क्रम असे.

या बंदराचे महाराष्ट्राशी जुने नाते आहे. याच पुस्तिकेत पैठण व तेर या दोन नगरांची नावे येतात. पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्याही पूर्वेस दहा दिवसांवर असल्याचे तीत नोंदलेले आहे. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान खडे व तेरहून जाडेभरडे कापड आणि मलमल असा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येई. गोदावरीकाठच्या विणकराचे कापड अशा रीतीने नर्मदेच्या मुखातून समुद्रापार जात असे. उलट दिशेने मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी असा माल उतरे. बैलगाडी, नदी आणि समुद्र या तिन्हींची साखळी येथे जुळत होती.

सतराव्या शतकात इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांनी येथे वखारी घातल्या, त्या प्रामुख्याने सुती कापडासाठी. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर भडोच महादजी शिंद्यांच्या ताब्यात आले आणि १८०३ पर्यंत ते शिंद्यांकडे राहिले. इंग्रजी अमदानीतही पावसाळ्यात बऱ्याच मोठ्या नावा भडोचच्या वर सुमारे १०० किलोमीटरपर्यंत जात, आणि सुमारे ७० टनांची समुद्रगामी गलबते भरतीच्या भरवशावर भडोचला लागत. पुढे मुखातील गाळ वाढला, रेल्वे आली आणि बंदराचे वैभव ओसरले. गलबते थांबली; भरती मात्र आजही त्याच जोराने येते, आणि मुखाजवळ नाव हाकणाऱ्याला तिचेच वेळापत्रक पाळावे लागते.

उतार, तर आणि नावाडी

भडोचच्या वरच्या अंगास नावेचे मुख्य काम लांब जाण्याचे नव्हते, तर अलीकडून पलीकडे नेण्याचे होते. नर्मदा ही दक्षिण आणि उत्तर यांमधली सीमा. सातव्या शतकात कनोजच्या हर्षवर्धनाला चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीने या नदीच्या दक्षिणेस येऊ दिले नाही. मराठ्यांच्या काळात ‘नर्मदा उतरणे’ याचा अर्थच उत्तरेच्या मोहिमेवर निघणे असा झाला होता. पाणी उथळ असे तेथे उतार, खोल असे तेथे तर. लष्कर, बैलांचे तांडे आणि यात्रेकरू यांची गर्दी अशाच जागी होई. थोरले बाजीराव पेशवे यांचे देहावसान २८ एप्रिल १७४० रोजी झाले, ते अशाच एका उताराच्या गावी, रावेरखेडी येथे. मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात नर्मदातीरी त्यांची समाधी आहे आणि अनेक मराठी यात्रेकरू तेथे आवर्जून मस्तक टेकवितात.

तर चालविणारे लोक म्हणजे केवट, कहार, ढीमर, भोई. रामायणात प्रभू रामचंद्रांना नदीपार नेणाऱ्या केवटाशी हे लोक आपले नाते सांगतात. एका लाकडाचे खोदून केलेले डोंगे, फळ्यांच्या सपाट बुडाच्या नावा, लांब बांबू आणि वल्ही ही त्यांची साधने. पाणी उथळ असेल तेथे बांबू तळाला टेकून नाव ढकलायची, खोल असेल तेथे वल्ही मारायची. प्रवाह जोराचा असला की नाव आधी काठाकाठाने वरच्या अंगास ओढून न्यायची आणि मग तिरकी सोडून द्यायची, म्हणजे वाहत वाहत ती समोरच्या घाटाला नेमकी लागते. धान्य, कापूस, लाकूडफाटा, गुरे, वऱ्हाडाची मंडळी, आजारी माणूस, हे सारे या नावांतून पार होत असे. अनेक गावी नावाड्याला रोजच्या रोज पैसे देण्याची रीत नव्हती; सुगीला घरटी धान्य दिले की वर्षभर नाव मोकळी असे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या वाळूत हीच मंडळी डांगर-कलिंगडांच्या वाड्या लावीत. नाव आणि वाळू या दोन्हींवर त्यांचा संसार चाले.

पूल आले

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीवर पूल उभे राहू लागले. भडोच येथील पहिल्या रेल्वेपुलांची नर्मदेच्या पुरांनी वारंवार मोडतोड केली. १८८१ साली पुरा झालेला लोखंडी पूल मात्र टिकला. दुरुस्त्यांवर इतका पैसा गेला की त्यात सोन्याचा पूल झाला असता, म्हणून त्याला ‘गोल्डन ब्रिज’ म्हणू लागले, असे सांगितले जाते. त्याच्या शेजारी जुलै २०२१ मध्ये ‘नर्मदा मैया पूल’ वाहतुकीस खुला झाला. इंदूर-खंडवा मार्गावर मोरटक्का येथे आणि मुंबई-आग्रा मार्गावर खलघाट येथे पूल झाल्याने माळव्याची वाहतूक नावांवरून गाड्यांवर गेली.

पुलांनी माणसांची मोठी सोय केली, यात शंका नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस अलीकडे अडकून पडण्याचे संकट टळले. जड माल नावेवरून उतरला तो कायमचाच. यात्रेकरू मात्र नावेवरच राहिला. कारण देवळे, बेटे आणि घाट हे पुलांच्या वाटेवर नाहीत, पाण्याच्या वाटेवर आहेत.

परिक्रमा आणि नावेचा नियम

नर्मदा परिक्रमेत मैयाला उजव्या हाताला ठेवून चालावयाचे आणि तिचा प्रवाह ओलांडावयाचा नाही, हा मुख्य नियम. इतर नद्यांच्या तीरी जी नाव सोयीची, ती येथे वर्ज्य ठरते. ओंकारेश्वरी परिक्रमा उचललेला यात्रेकरू मांधाता बेटावर नावेने जाऊ शकत नाही. बेटावरील ज्योतिर्लिंगाचे दर्शन त्याने परिक्रमेपूर्वी घ्यावयाचे किंवा पूर्तीनंतर.

या नियमाला एकच मोठे वळण आहे, ते मुखापाशी. दक्षिण तटाने चालत आलेला परिक्रमावासी भडोच जिल्ह्यातील हांसोट तालुक्यात विमलेश्वर-कटपोर येथे पोहोचतो. पुढे सागर. येथून नावेने रेवा-सागर संगमाच्या बाहेरून वळसा घेऊन उत्तर तटावरील मिठी तलाई येथे उतरावयाचे. नदी ओलांडली जात नाही, तिच्या अंतापलीकडून प्रदक्षिणा घातली जाते. कुपीतील थोडे जल सागराला अर्पण करण्याची येथे रीत आहे.

या प्रवासाची वेळ माणूस ठरवीत नाही, चंद्र ठरवितो. विमलेश्वरच्या खाडीत ओहोटीला नुसता चिखल असतो आणि नाव त्यात बसून राहते. भरतीचे पाणी आले की नाव उठते आणि तेवढ्या अवधीत तिला खाडीबाहेर पडावे लागते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. म्हणून आज पहाटे निघालेली नाव आठ दिवसांनी त्याच वेळी निघेल असे नाही. कधी भर मध्यरात्रीही निघावे लागते. प्रवासाला तीन-चार तास किंवा अधिक लागतात. पलीकडे पाणी उतरले असेल तर किनारा समोर दिसत असूनही थांबावे लागते, किंवा चिखलातून चालत जावे लागते. पूर्वी शिडाच्या नावा होत्या, आता यंत्राच्या आहेत. तरीही ‘पेरिप्लस’मधील वाटाडे कोळी जे जाणत होते तेच आजच्या तांडेलाला जाणावे लागते. नाव का सुटत नाही म्हणून त्याच्यावर रागावणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

चैत्र महिन्यात होणाऱ्या उत्तरवाहिनी परिक्रमेची गोष्ट निराळी आहे. गुजरातेतील तिलकवाडा व रामपुरा या परिसरात मैया उत्तरेकडे वळते. तेथील सुमारे २१ किलोमीटरच्या या छोट्या परिक्रमेत नावेने प्रवाह पार करणे हा विधीचाच भाग आहे. अलीकडे महाराष्ट्रातूनही तेथे फार मोठी गर्दी लोटते आणि घाटावर नावेसाठी तासन्‌तास रांगा लागतात. अशा गर्दीतच अपघाताचे भय अधिक असते.

धरणांनंतरचे पात्र

गेल्या चार दशकांत नर्मदेचे रूप पालटले आहे. जबलपूरजवळील बरगी, नंतर इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर अशा धरणांनी तिच्या प्रवाहाचे दीर्घ जलाशय केले. सरदार सरोवराची कोनशिला १९६१ साली बसली, १३८.६८ मीटर उंचीचे हे धरण १७ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्राला अर्पण झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते प्रथमच पूर्ण भरले. गुजरात आणि राजस्थानच्या कोरड्या मुलखांना या पाण्याने जीवन दिले. काठची गावे, शेते आणि जुनी देवालये मात्र पाण्याखाली गेली. शूलपाणेश्वराचे प्राचीन स्थान जलाशयात गेल्याने गोरा येथे नवे मंदिर उभारावे लागले. शूलपाणीच्या झाडीतून जाणारी काठाची वाटही बुडाली. परिक्रमावासी आता डोंगरातील गावांवरून जातात.

महाराष्ट्रात याचा परिणाम नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील काठच्या गावांवर झाला. जेथे पूर्वी उन्हाळ्यात चालत पलीकडे जाता येई, तेथे आता विस्तीर्ण जलाशय आहे आणि नाव ही चैन नसून गरज आहे. शिधा, बी-बियाणे, शाळेचे साहित्य आणि रुग्ण नावेतूनच येतात-जातात. आरोग्य खात्याचे तरंगते दवाखाने या गावांसाठी पाण्यावर फिरतात. महाराष्ट्र विधानसभेच्या पहिल्या क्रमांकाच्या अक्कलकुवा मतदारसंघातील मणिबेली येथील मतदान केंद्राकडे कर्मचारी आणि मतदान यंत्रे यांना नावेने जावे लागत असे. जी नाव पुलांनी अन्यत्र मागे टाकली, तिची धरणाने येथे पुन्हा गरज निर्माण केली.

नावाड्यांचे पिढीजात ज्ञान मात्र या बदलाने अपुरे पडले. पूर्वी पाण्याचा रंग, वारा आणि वरच्या मुलखातील पाऊस पाहून पाणी चढणार की उतरणार हे सांगता येई. आता आकाश निरभ्र असतानाही वीजनिर्मितीसाठी सोडलेले पाणी अचानक येते. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या यात्रेत स्नानाला जमलेले अनेक भाविक इंदिरा सागरातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. दिवस कोरड्या चैत्राचे होते; पुराची कोणालाच कल्पना नव्हती. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भूषा येथे नर्मदापूजनाला निघालेली गच्च भरलेली नाव उलटली आणि काही भाविक प्राणांस मुकले. धाराजीला लोकांना पाण्याची खबर नव्हती. भूषा येथे नावेत माणसे फार होती. दोन्ही प्रसंगी श्रद्धा खरी होती, सावधगिरीची व्यवस्था तोकडी पडली. जलाशयाने वाळूचे पट्टे बुडाल्यामुळे केवटांच्या कलिंगडाच्या वाड्याही गेल्या. अनेकांची उपजीविका आता केवळ यात्रेकरूंवर अवलंबून आहे. म्हणून जास्त फेऱ्या आणि जास्त माणसे यांचा मोह त्यांना पडतो, हेही समजून घेतले पाहिजे.

मालवाहतूक पुन्हा येईल काय?

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले. त्यांत नर्मदेच्या मुखाकडील सुमारे २२६ किलोमीटरच्या भागाला ७३ वा क्रमांक मिळाला. नदीतून माल नेण्यास रस्त्यापेक्षा इंधन कमी लागते, हा त्यामागील विचार योग्यच आहे. परंतु कागदावरचा जलमार्ग आणि पाण्यावरचा जलमार्ग यांत अंतर असते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सौराष्ट्रातील घोघा आणि नर्मदेच्या मुखाजवळील दहेज यांच्यामध्ये समुद्रमार्गे मोठी फेरीसेवा सुरू झाली. पुढे तीतून वाहनेही जाऊ लागली. दहेजच्या धक्क्यापाशी गाळ साचून जहाजाला पुरेशी खोली मिळेना, म्हणून ती सेवा २०१९ मध्ये थांबली आणि नोव्हेंबर २०२० पासून घोघ्याची फेरी दहेजऐवजी सुरतजवळील हजीरा येथे जाऊ लागली. ज्या गाळाने भडोचचे बंदर मागे सारले, त्याच गाळाने आधुनिक जहाजालाही वाट नाकारली. वरून येणारे गोडे पाणी धरणांत अडल्यामुळे मुखाकडे खारे पाणी अधिक आत येऊ लागले आहे. त्याला आवर घालण्यासाठी भाडभूत येथे बंधाऱ्याची योजना हाती घेण्यात आली आहे. वाहते पाणी आणि पुरेशी खोली राहिली, तरच नदी वाट देते. मग वाहावयाचा तो कापूस असो, सिमेंट असो की यात्रेकरू.

यात्रेकरूंनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. नावेत तिच्या क्षमतेएवढीच माणसे बसावीत. नाव भरलेली दिसल्यास पुढच्या फेरीची वाट पाहावी. नावाड्याला आग्रह करून भरीस पाडू नये.

२. जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि ते नीट बांधावे. लहान मुले व वृद्ध यांना नावेच्या मध्यभागी बसवावे.

३. प्रवाहाच्या मध्यभागी पूजा, दीपदान किंवा छायाचित्रे यांसाठी सर्वांनी एकाच बाजूला उठू नये. नाव उलटण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

४. धरणाखालील घाटांवर भोंगा वाजताच पात्रातून तत्काळ वर यावे. आकाश कोरडे आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. खडकांवर व वाळूवर मुक्काम करू नये.

५. विमलेश्वर येथे परिक्रमावासीयांनी दोन दिवसांची सवड हाती ठेवावी. भरतीची वेळ तांडेलाकडून जाणून घ्यावी आणि तो ‘आज नाही’ म्हणाला तर ते मान्य करावे. बरोबर पिण्याचे पाणी, कोरडा खाऊ आणि थंडीसाठी पांघरूण असावे.

६. प्लॅस्टिक, वस्त्रे आणि निर्माल्य पात्रात टाकू नये.

७. भाडे आधी ठरवावे, पण नावाड्याच्या कष्टाची घासाघीस करू नये. योग्य भाडे मिळाले तर नाव गच्च भरण्याची त्याला गरज उरत नाही.

नर्मदेच्या दर्शनमात्रे पाप जाते अशी श्रद्धा आहे. ते दर्शन ज्याच्या वल्ह्यामुळे घडते, त्याचे शब्द पाण्यावर असेपर्यंत गुरुवचनासारखे मानावेत. तो थांबा म्हणेल तेव्हा थांबणे हीदेखील मैयाची सेवाच होय.

नर्मदे हर!